फेलिसाचं पोट आणि इसबगोलाचा डबा

डॅलसच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम जवळच्याच फ्रिस्कोची एक तरुण मुलगी बघते. तिचा फोन आला, "काकू, तुम्ही आता रिटायर झालात, तर अनुभवांवर काहीतरी लिहा ना." मी म्हटलं, "लिहिते की. मोठ्या आतड्यावर लिहिते."  ती चाचरत म्हणाली, "काकू, लोक अंक फराळ खाता खाता वाचतात हो." मी म्हटलं, "मग तर बरंच झालं. फराळाचं पुढे काय होतं ते कळू दे लोकांना."

तर मी मोठ्या आतड्याची सर्जन. नागपूरला शिकले आणि टेक्सासात डॅलसजवळच्या एका सरकारी इस्पितळात हयात घालवली. पहिल्यांदा सुट्टीवर घरी गेले तेव्हा मामी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "इतकी शिकली, अमेरिकेत गेली, अन् शेवटी संडासाचीच डॉक्टर झाली का व?" मी म्हटलं, हो मामी, झाले. लाज कसली त्यात? हृदयावर कविता करणारे पुष्कळ आहेत, पण तीन दिवस पोट साफ झालं नाही तर त्या कवीलाही ओळ सुचत नाही.

आपल्याकडे हा विषय तसा घरचाच. माझी आई नागपूरहून फोनवर कधी "कशी आहेस?" विचारायची नाही. दर रविवारी मी फोन केला की पहिला प्रश्न, "पोट साफ होतं नं?" मी चिडायची. "आई, मी सर्जन आहे गं. दिवसभर मीच लोकांना हे विचारते." ती शांतपणे म्हणायची, "लोकांना विचारतेस, पण तुला कोण विचारतं?" आणि मग तिचा ठरलेला उपाय, झोपताना कोमट पाण्यातून दोन चमचे इसबगोल. जगातल्या ऐंशी टक्के दुखण्यांवर तिचा हा एकच इलाज होता आणि उरलेल्या दुखण्यांवर तीन चमचे. इंडियन स्टोअरमधून आणलेला इसबगोलाचा एक डबा माझ्या इस्पितळातल्या लॉकरमध्ये कायम असायचा.

तो डबा लक्षात ठेवा. पुढे त्यानंच घोळ केला आहे. खरं म्हणजे मी केला, त्याच्या नावावर ढकलते आहे.

२००४ सालची गोष्ट. आमच्या ऑपरेशन थिएटरची फरशी पुसायला कंत्राटदाराकडची फेलिसा नावाची बाई होती. बोलिव्हियातल्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यातली, वय त्रेचाळीस, दोन लांब वेण्या टोपीत कोंबलेल्या. दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात ती भिंतीकडून दाराकडे पुसत यायची आणि मी दारात कॉफी घेऊन उभी असायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. माझं स्पॅनिश म्हणजे "दुखतं का?", "वारा सरला का?" आणि "जोर करा", एवढ्यावर वीस वर्षं चाललेलं. ती माझ्या चुका सुधारायची आणि खुदकन हसायची. आमची मैत्री ती एवढीच.

एकदा पुसता पुसता ती माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "दोक्तोरा, एक विचारू? माझं होत नाही."

"किती दिवस?"

"आज बारा."

मी पुढच्या ऑपरेशनला निघाले होते. तिचं पोट मोठं होतं, पण ढगळ कपड्यांत आम्ही सगळे ती जाडच आहे असं धरून चाललो होतो. बारा दिवस म्हटल्यावर कोणत्याही सर्जनच्या कानात घंटा वाजायला हवी होती. माझ्या कानात वाजला तो आईचा आवाज. लॉकर उघडलं, डबा काढला, तिच्या हातात दिला. "झोपताना दोन चमचे. माझ्या आईचं औषध आहे." तिनं डबा छातीशी धरला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! परक्या देशात एका बाईला माहेरचं औषध दिलं, असं वाटत दिवसभर मी मिरवत होते.

तीन आठवड्यांनी ती इमर्जन्सीत आली. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, श्वास घेता येईना. एक्स-रे लावला. मोठ्या आतड्याचा खालचा भाग मांडीएवढा जाड झाला होता आणि तो वरपासून खालपर्यंत गच्च भरला होता.

बाहेरच्यांसाठी सांगते. इसबगोल पाणी शोषून फुगतं, मळाला आकार आणि वजन देतं, आणि आतडं त्याला पुढे ढकलतं. पण आतडं ढकलतच नसेल तर? मग ते आत बसून नुसतं फुगत राहतं आणि ओल्या सिमेंटसारखं घट्ट होत जातं. त्यात फेलिसा आईच्या औषधाला जागली होती. दोनाचे चार चमचे, चाराचे सहा, असं करत तिनं तो अख्खा डबा संपवला होता.

तिला भूल देऊन ते सगळं हातानं काढावं लागलं. हे काम नेहमी ज्युनियरच्या गळ्यात पडतं. त्या दिवशी मी ते कोणालाही दिलं नाही. दीड-दोन तास मी तिथं बसून होते. डोक्याशी आमचा भूलतज्ज्ञ शेखर होता. शेखर पुण्याचा, म्हणजे पेशंटला झोपवून झालं की उरलेल्यांना शिकवणारा.

"मंदाताई, तुम्ही का करताय हे? रेसिडेंट काय डेकोरेशनला आहेत का?"

"गप बस. इसबगोल मी दिलंय हिला."

तो खरंच गप बसला. पुणेकर गप बसला म्हणजे परिस्थिती किती गंभीर असेल बघा. थोड्या वेळानं म्हणाला, "पण यार, तुम्ही हिचा कार्डिओग्राम बघितलात का? चाळिशीची बाई, ना बीपी, ना शुगर, आणि हृदयाची एक वायर पार ब्लॉक. पोट एकीकडे, हार्ट दुसरीकडे. दोन्ही बिघडवणारा एकच चोर असेल का हो?"

तो चोर मला माहीत होता! म्हणजे वाचून माहीत होता. नागपूरला दुसऱ्या वर्षी परोपजीवी जंतूंच्या पुस्तकात त्याच्यावर अर्धं पान होतं आणि खाली ओळ होती, 'भारतात आढळत नाही'. आम्ही सगळ्यांनी ते पान ऑप्शनला टाकलेलं. चागास असं त्या रोगाचं नाव. दक्षिण अमेरिकेत मातीच्या घरांच्या भेगांत एक किडा राहतो. रात्री उतरून झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याला चावतो आणि चावल्यावर तिथंच घाण करतो. त्या घाणीतले जंतू खाजवताना अंगात जातात. पुढे वीस-तीस वर्षं काहीच होत नाही. माणूस मोठा होतो, लग्न करतो, देश सोडतो. आणि आत जंतू हृदयातल्या, अन्ननळीतल्या, आतड्यातल्या मज्जापेशी खाऊन टाकतात. आतड्याला स्वतःची अक्कल असते. तिथल्या पेशी सांगतात, आता आवळ, आता सोड. त्या पेशीच मेल्या की आतडं मुकाट पडून राहतं आणि फुगत जातं.

फेलिसा शुद्धीवर आल्यावर मी दुभाष्याला मधे घेऊन तिला विचारलं, लहानपणी घर कसलं होतं?

"मातीचं. वर गवताचं छप्पर."

"भिंतीत किडे असायचे?"

"विंचूका म्हणतो आम्ही त्यांना. हो तर! छपरातून बिछान्यावर पडायचे. आई खाट ओढून खोलीच्या मधोमध आणायची, भिंतीपासून लांब. माझे दोन मामा ह्याच पोटानं गेले, दोक्तोरा. तुम्हाला माहीत नाही का?"

तिला सगळं माहीत होतं. अकरा वर्षं ती ह्या देशात होती, पण 'तुझं घर कसलं होतं?' असं कोणत्याही डॉक्टरनं तिला विचारलं नव्हतं. मी तर विचारायच्या आधीच औषध दिलं होतं.

मग मी तिला खरं ते सांगितलं. हा त्रास तुला माझ्या डब्यानं झाला. तुला तपासल्याशिवाय मी तो द्यायला नको होता, माझी चूक झाली. केसपेपरवरही तसंच लिहिलं. फेलिसा विचार करून म्हणाली, "आईचं औषध कसं चुकेल? माझं आतडंच चुकीचं होतं." आणि हसली. मला मात्र हसू येईना.

रक्ताचे नमुने सरकारी प्रयोगशाळेत गेले, दोन वेगवेगळ्या चाचण्यांत चागास निघाला. आता ऑपरेशन. पण कसलं? मी असं ऑपरेशन एकही केलेलं नव्हतं. फुगलेला भाग कापा आणि टोकं जोडा, हा सरळ हिशेब इथं चालत नाही. पेशंट चार-पाच वर्षांनी पुन्हा तस्साच येतो. ब्राझीलच्या आतल्या भागात हीच ऑपरेशनं करत म्हातारे झालेले एक सर्जन होते, त्यांचा फोन नंबर मिळवला. मोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, "डॉक्टर, खालचा भाग, गुदाशय, दिसायला देखणा असतो. त्याच्या देखणेपणावर जाऊ नका. तोही मेलेलाच आहे." त्यांची रीत अशी होती की फुगलेलं आतडं काढायचं, वरचं चांगलं आतडं त्या देखण्या गुदाशयाच्या मागून खाली आणायचं आणि त्याच्या पाठीला अगदी खालच्या अंगाला जोडायचं. ढकलण्याचं काम वरच्या आतड्यानं करायचं, गुदाशयानं फक्त वाट द्यायची. मी तीन रविवार कागदावर चित्रं काढत बसले होते.

फेलिसाला ऑपरेशनची भीती नव्हती. तिला भीती होती पिशवीची.

खालचा जोड भरून येईपर्यंत मळ त्यावरून जाऊ नये, म्हणून लहान आतड्याचं एक वेटोळं पोटावर बाहेर काढतात. तिथं पिशवी लावायची. काही महिन्यांनी ते वेटोळं पुन्हा आत घालून बंद करायचं. जोड फुटला तर पेशंट दगावू शकतो, म्हणून ही काळजी.

"पिशवी नको," फेलिसा म्हणाली. "मी घरी चाललेय."

तेव्हा मला सगळं कळलं. तिची आई ऐंशीच्या पुढची, खेड्यात एकटी, आता अंथरुणाला खिळलेली. फेलिसाजवळ इथले कागद नव्हते. एकदा देश सोडला की परत यायची वाट बंद. म्हणून अकरा वर्षं ती गेलीच नव्हती. आता तिनं कायमचं जायचं ठरवलं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे पितरांचा सण असतो. गेलेल्यांसाठी माणसांच्या, पक्ष्यांच्या आकाराचे पाव भाजतात, टेबल मांडतात. आई म्हणाली होती, ह्या वेळचे पाव तू आल्यावर आपण मिळून भाजू. तोवर मी थांबते.

"त्या घरात नळ नाही, दोक्तोरा. पिशव्या कुठून आणू? धुऊ कुठे?"

"ज्या घरातल्या किड्यांनी तुझं हे केलं, त्याच घरात जायचंय का तुला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. "घर ते घर. तुमचं कसलं होतं?"

काय सांगणार? मे महिन्यात ज्याच्या गच्चीवर पाय ठेववत नव्हता आणि ज्याला शिव्या देत मी देश सोडला, त्या नागपूरच्या घरातल्या कूलरचा वाळ्याचा वास मला डॅलसच्या एसीत बसून भर दुपारी यायचा. डोळे भरून यायचे. मी म्हटलं, "फक्त सप्टेंबरपर्यंत पिशवी. सप्टेंबरच्या मध्यात मी ती बंद करते. शब्द देते. नोव्हेंबरला तू आईजवळ."

जूनमध्ये ऑपरेशन झालं. पाच तास. शेखर सगळा वेळ तिच्या हृदयावर डोळा ठेवून. सगळं ठीक झालं, एकदम ठीक! आयुष्यात केलेल्या ऑपरेशनांतलं ते माझं सगळ्यात सुबक ऑपरेशन, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. फेलिसा उन्हाळाभर पिशवी सांभाळत राहिली, माझं स्पॅनिश सुधारत राहिली. दर रविवारी तिची आई शेजाऱ्यांनी खाटेपाशी आणून दिलेल्या मोबाइलवरून तिला विचारायची, "झालं का गं?" तिकडेही तोच प्रश्न! "पिशवीत झालं असं सांगितलं की आई रडते," फेलिसा म्हणाली. "तिला वाटतं ते खरं होणं नाही."

सप्टेंबरात पिशवी बंद करण्याआधीची तपासणी केली. खालून औषध भरून जोडाचा फोटो काढतात, कुठं गळती आहे का बघायला. फोटोत जोडाच्या एका कडेला करंगळीच्या नखाएवढी पुसट सावली दिसली. एक्स-रेवाले म्हणाले, आतड्याची घडी असेल. शेखर म्हणाला, "ताई, काही नाहीये ते. क्लोज करून टाका."

माझं मन म्हणालं, गळती असली तर? आणि त्याच्या मागून तो इसबगोलाचा डबा उभा राहिला. एकदा ह्या बाईला मी न तपासता संकटात घातलं होतं. पुन्हा नाही. मी म्हटलं, पाच आठवडे थांबू, पुन्हा फोटो काढू.

"तुम्ही शब्द दिला होता," फेलिसा म्हणाली.

"तुझ्या जिवासाठी सांगते. ऑक्टोबरात नक्की. नोव्हेंबरच्या आत पोचशील तू."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही घाबरलात, दोक्तोरा." तिचं बरोबर होतं, आणि तरी मी निर्णय बदलला नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिची आई गेली.

पुढच्या आठवड्यात फोटो काढला. सावली नव्हती. कधीच नव्हती, घडीच होती ती. मी पिशवी बंद केली. चौथ्या दिवशी राउंडला गेले तर फेलिसा पलंगावर बसलेली, वेण्या मोकळ्या. "झालं," ती म्हणाली. "बाथरूममध्ये. आपोआप. लहानपणी व्हायचं तसं." आणि हुंदका फुटून म्हणाली, "आता कोणाला सांगू?" मी तिच्या पलंगावर बसले. अमेरिकेत डॉक्टर पेशंटच्या पलंगावर बसत नाहीत. मी बसले, आणि आम्ही दोघी रडलो.

महिनाअखेरीस ती गेली, एका सुटकेसनिशी. सणाच्या दिवशी पाव आईबरोबर भाजायचे होते, ते आईसाठी भाजले. तिच्याकडची रीत अशी की नुकत्याच गेलेल्या माणसाचं टेबल सगळ्यात मोठं मांडतात. हे तिनंच मला फोनवरून सांगितलं. त्या दिवशी मी ऑफिसात पेशंटच्या फायली बघत होते. आवाज खरखरत होता. "दोक्तोरा, मी घरात आहे. भिंतीच्या भेगा बुजवून घेतल्या. खाट मात्र मधोमधच ठेवलीय." आणि मग, "आज झालं."

त्यानंतर दर वर्षी त्या सणाला तिचा फोन यायचा. दुसरं काही विशेष नाही. पीक कसं आहे, छाती कधी कधी धडधडते, गोळ्या घेते. आणि शेवटी एक वाक्य, "आज झालं." मी तारखेची वाट बघायची. शेखर चेष्टा करायचा, "ताई, जगात कोणाला दिवाळीचे असे ग्रीटिंग येत नसतील." मी म्हणायची, तुला नाही कळायचं रे बाबा.

चूक कोणती होती, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. डबा दिला ती चूक त्याच महिन्यात निस्तरली. पण त्या डब्याच्या धाकानं मी जी काळजी घेतली, तिला निस्तरणं नव्हतं. फेलिसा त्या पाच आठवड्यांबद्दल पुढे कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२००७च्या जूनच्या सुरुवातीला माझी आई गेली. निरोप आला, विमानं बदलत नागपूरला पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. भावानं दार उघडलं. आत कूलर चालू होता, वाळ्याचा वास होता, आणि आईची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. परत आले आणि कामाला लागले. रविवारी सकाळी सवयीनं फोन उचलायची आणि खाली ठेवायची.

नोव्हेंबर आला. फेलिसाचा फोन आला. पीक, छाती, गोळ्या, सगळं झालं. मी म्हटलं, "आणि पोट?"

"झालं, दोक्तोरा." मग जरा थांबून म्हणाली, "तुमची आई कशी आहे? औषधवाली?"

मी सांगितलं.  फोनवर तिकडच्या कोंबड्या ऐकू येत होत्या. 

"दोक्तोरा," फेलिसा म्हणाली, "तुमचं होतं का नीट?"

सबंध आयुष्यात किती हजार माणसांना मी हा प्रश्न विचारला असेल. जूनपासून मला तो कोणी विचारला नव्हता.  खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण तिच्याशी कसं बोलणार?

"नाही गं," मी म्हटलं. "आज चार दिवस झाले."

"मग?" ती रागावली. खरंच रागावली, अगदी आईसारखी. "घरात ते औषध नाही का?"

होतं. संध्याकाळी घरी आल्यावर मी पाणी कोमट केलं आणि डबा उघडला.